लेझर नावेचा तोल फळीवर नसतो
‘लेझर’ या एकट्याने हाकायच्या शर्यतीच्या नावेत मधल्या खाचेतून पाण्यात सोडलेली फळी आपल्या वजनाने नावेला उभे धरते, हा समज वर्षानुवर्षे फिरत आला आहे आणि तो चुकीचा आहे. मोठ्या यॉटच्या तळाशी शिसे किंवा लोखंड असते, त्यावरून ही गल्लत झाली असावी. ब्रूस कर्बी यांनी रचलेल्या, सुमारे ४.२ मीटर लांबीच्या या नावेचा सांगाडा जेमतेम ५९ किलोचा, आणि फळी तर एका हाताने सहज उचलावी इतकी हलकी. नाव चालत असताना फळीचे काम म्हणजे वाऱ्याच्या दाबाने नावेला आडवे घसरू न देणे. म्हणूनच वारा पाठीमागून आला की नाविक ती बरीचशी वर ओढून घेतात. ७.०६ चौरस मीटरच्या शिडाचा जोर तोलतो तो नाविकाचा देह. पावले पट्ट्यात अडकवून तो काठाबाहेर रेलतो, मांड्या थरथरू लागतात, आणि तरीही झोत वाढलाच तर शिडाची दोरी वीतभर सैल सोडावी लागते. (नीरम, म्हणजे नाव स्थिर ठेवणारे वजन, म्हणायचेच तर ते हे, हाडामांसाचे.) नाव उलटल्यावर मात्र ही फळी खरोखर कामी येते, कारण तिच्यावर उभे राहून, काठ धरून मागे झुकले की शीड पाण्यातून सुटते.