टापेची चीर व तिची दुरुस्ती

घोड्याच्या खुराच्या भिंतीला पडणाऱ्या फटीला टापेची चीर म्हणतात. ती दुरुस्त करण्याचे काम नालबंदाचे. चीर खोल असेल तर पशुवैद्य सोबत हवाच. तापीकाठच्या सारंगखेड्याला (ता. शहादा, जि. नंदुरबार) दत्तजयंतीच्या यात्रेत मोठा घोडेबाजार भरतो. तिथे जनावराची पारख करताना नजर पायांवर गेलीच पाहिजे.

खुराची भिंत आपल्या नखासारखी निर्जीव असते, त्यामुळे चिरलेला भाग पुन्हा जुळून येत नाही. वरच्या केसाळ कडेपासून नवी भिंत महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर खाली सरकते. खुराच्या पुढच्या भागात ती जमिनीला टेकायला ९ ते १२ महिने लागतात. तोवर नव्या भिंतीला तडा जाऊ न देणे, हाच साऱ्या दुरुस्तीचा हेतू.

खालून वर चढणारी चीर बहुधा वाढलेल्या, फाकलेल्या खुराची असते. वेळेवर छाटणी, कानशीने कड गोल करणे आणि बेताचा नाल एवढ्याने ती सहसा आटोक्यात येते. वरच्या कडेपासून उतरणारी चीर मात्र वाईट. कडेला झालेली जखम किंवा एका बाजूला पडणारा जादा भार ही तिची नेहमीची कारणे. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल असतो. खूर असा आळीपाळीने सुकत-भिजत राहिला की कमकुवत होतो. वरातीच्या घोड्यांना त्यात डांबरी रस्त्याचे हादरेही बसतात.

चिरेच्या दोन्ही बाजूंना अंगठे टेकवून घोड्याला त्या पायावर भार द्यायला लावला, तर कडा उघडतात-मिटतात का ते बोटांना कळते. कडा हलत असतील तर आधी भार कमी करायचा. चीर टाचेकडच्या बगलेत असेल, तर तिच्या खालची भिंत थोडी छाटतात, म्हणजे तेवढा भाग नालाला टेकत नाही. मागून जोडलेला बंद नाल भार टाचांवर वाटून देतो. चीर पुढे असेल, तर तिच्या दोन्ही अंगांना नालाचे कान (नालाच्या कडेचे वर वळवलेले छोटे भाग) बसवून भिंत आवळून धरतात.

मग साफसफाई. भिंतीचा सैल, काळवंडलेला कठीण भाग कोरून निरोगी थरापर्यंत जावे लागते. रक्त किंवा पू दिसला तर भरण्याचे काम तिथेच थांबवून पशुवैद्याला बोलवावे. चीर कोरडी झाल्यावर दोन्ही कडांना छिद्रे पाडून स्टेनलेस स्टीलच्या तारेने ती विणतात, किंवा धातूची पट्टी स्क्रूंनी बसवतात. स्क्रू आतल्या जिवंत थराला लागता कामा नये. हे खरे कसबाचे काम. वरून ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचा लेप, कधी काचतंतूच्या कापडासह देतात. खोल चिरेत लेपाखाली निचऱ्याची वाट ठेवतात.

घाईने बुजवलेली चीर उघड्या चिरेपेक्षा घातक असते, कारण जंतुसंसर्ग आतल्या आत पसरतो. म्हणून बाजारात घोडा घेताना चारही खूर धुऊन पाहावेत, लेप दिसला तर खालची चीर किती जुनी ते विचारावे आणि घोडा कठीण जमिनीवर दुडक्या चालीने चालवून बघावा. दुरुस्तीनंतर नाल दर ४ ते ६ आठवड्यांनी काढून छाटणी करावी लागते.