‘न्यूज’ म्हणजे चार दिशा? नाही!

‘न्यूज’ या इंग्रजी शब्दाची एक फोड शाळेच्या फळ्यांपासून सामान्यज्ञानाच्या पुस्तकांपर्यंत सगळीकडे सापडते: नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साऊथ यांची आद्याक्षरे, म्हणजे चारही दिशांकडून येते ती बातमी. ऐकायला छान आहे, पण खरी नाही.

हा शब्द ‘न्यू’ या विशेषणापासून झाला. न्यू म्हणजे नवे, न्यूज म्हणजे नव्या गोष्टी; शेवटचा एस अनेकवचनाचा. फ्रेंचमध्येही ‘नवीन’ या अर्थाच्या विशेषणाचे अनेकवचन, ‘नूव्हेल’, बातम्यांसाठी वापरतात. पूर्वी इंग्रजीत तर न्यूज हा शब्द अनेकवचनीही चालायचा, ‘या बातम्या’ अशा थाटात. शेक्सपिअरच्या नाटकांत तो दोन्ही प्रकारे आढळतो. आज मात्र तो एकवचनी आहे, म्हणून ‘न्यूज आर’ नव्हे, ‘न्यूज इज’ म्हणायचे.

स्पेलिंगही पुरावा देते. जुन्या लिखाणात ते ‘न्यू’पुढे ‘ईएस’ जोडून लिहिलेले दिसते, म्हणजे पाच अक्षरे. मग पाचवी दिशा कोणती? शिवाय आद्याक्षरे जोडून रडारसारखे शब्द घडवण्याची पद्धत फोफावली ती 20व्या शतकात. न्यूज त्याच्या कित्येक शतके आधीचा.

दिशांची कल्पनाही तशी जुनीच. 1640 साली इंग्लंडमध्ये छापलेल्या एका चुटकेवजा कवितेत ती आहे. पण ती कवीची शब्दक्रीडा होती, व्युत्पत्ती नव्हे. मुलांना ती कोटी म्हणून जरूर सांगावी. परीक्षेचे उत्तर म्हणून शिकवू नये.