घड्याळावर ‘२०० मीटर’ लिहिलंय, तरी पाण्यात घालू नका
जुनी डायव्हर (बुडी मारण्यासाठीची) आणि क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेली) घड्याळं वापरणाऱ्या ग्राहकांसाठी

“डायलवर २०० मीटर छापलंय, मग पोहायला काय हरकत आहे?” काउंटरवर रोज होणारा हा प्रश्न. हरकत आहे. तो आकडा घड्याळ कारखान्यातून निघालं त्या दिवसाचा. रोलेक्सचं १९५३ चं सबमरिनर किंवा ओमेगाचं १९५७ चं सीमास्टर ३०० खरोखरच समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठी घडवलेलं होतं, पण पाणी अडवतं ते स्टील नव्हे, रबराच्या बारीक रिंगा. एक मागच्या झाकणाखाली, एक चावीत आणि क्रोनोग्राफ असेल तर दोन्ही बटणांत. पन्नास वर्षांत हे रबर कडक होऊन चपटं बसतं, कधी डांबरासारखं चिकट होतं. प्लास्टिकची काच नुसती दाबून बसवलेली असते, तिच्या कडेला केसाएवढी चीर गेली तरी ओल आत येते. ओमेगाचं स्पीडमास्टर हे क्रोनोग्राफ तर मुळात मोटार शर्यतीसाठी काढलेलं, पाण्याशी त्याचा संबंधच नाही.

पाणी शिरण्यापेक्षा जास्त नुकसान होतं ते त्यानंतरच्या चार दिवसांत. विसर्जनाहून घरी आल्यावर काचेखाली धुकं दिसतं, मग घड्याळ तांदळाच्या डब्यात जातं. तिसऱ्या दिवशी काच स्वच्छ दिसते, घड्याळ चालतं, आणि महिन्याने ते बंद पडून आमच्याकडे येतं. तांदूळ बाहेरची ओल ओढतो. बंद केसमधलं, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचातलं, पाणी जागचं हलत नाही. ते चावीच्या दांडीवर आणि काटे फिरवणाऱ्या चाकांत बसतं, तिथे एक-दोन दिवसांत तांबूस गंज धरतो. दांडी बदलता येते. पण हेअरस्प्रिंगवर, म्हणजे घड्याळाची चाल ठरवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगवर, गंजाचा एक ठिपका पडला तरी वेळ बिघडते, आणि मग ती स्प्रिंग ज्यावर असते ते अख्खं बॅलन्स चाक शोधावं लागतं. व्हॅल्जू ७२ सारखी क्रोनोग्राफची मशीन १९७० च्या दशकातच बनायची बंद झाली. तिच्या सुट्या भागासाठी महिनेन् महिने थांबावं लागतं.

म्हणून धुकं दिसताक्षणी चावी देऊ नका, काटे फिरवू नका, हेअर ड्रायर लावू नका. काच खाली करून कोरड्या रुमालावर ठेवा आणि त्याच दिवशी दुकानात आणा. अशा घड्याळाला रांग नाही, हातातलं काम बाजूला ठेवून झाकण उघडतो. घरी मात्र उघडू नका: १९६० पूर्वीच्या बऱ्याच डायलांवर रेडियमची चमक असते, तिची भुकटी श्वासात जाणं घातक आहे.

“वाळवून चालू झालं, मग सर्व्हिसिंगचे पैसे कशाला?” असं विचारलं जातं. तेलात पाणी मिसळलेलं असतं. मशीन पूर्ण सुटी करून, धुऊन, नवीन तेल घालून काही दिवस चालवून पाहिल्याशिवाय आम्ही ती देत नाही. डाग पडलेलं डायल रंगवूनही देत नाही; मूळ डायल डागासकट जास्त किमतीचं, रंगवलेलं जाणकार लांबूनच ओळखतात. केसला पॉलिशही विचारल्याशिवाय नाही, कडा एकदा गोल झाल्या की परत येत नाहीत.

स्क्रूची, म्हणजे आटे फिरवून घट्ट बसणारी, चावी बसवताना आधी हलक्या हाताने उलटी फिरवा. आटे जुळल्याची बारीक टक् बोटाला जाणवते. तिथून दाबत सुलटी फिरवा, अडली की थांबा. जोर लावला तर आतली रिंग चिरडते आणि चावी जिच्यावर बसते त्या नळीचे आटे जातात; नळी बदलणं रिंग बदलण्यापेक्षा कितीतरी महाग.

मृग निघण्याआधी घड्याळ एकदा आणा. सगळ्या रिंगा बदलून, सिलिकॉन ग्रीस लावून, मशीन बाहेर काढून रिकाम्या केसची ३ बार दाबावर (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे तिप्पट) चाचणी करतो. केस हवेच्या दाबाखाली ठेवतो, मग पाण्यात बुडवून दाब हळूहळू सोडतो. बुडबुडे जिथून निघतात तिथेच गळती. ती आपल्याला समोर दाखवतो. चाचणीत पास झालेलं घड्याळ पावसाची सर आणि हात धुणं सोसतं. पोहण्याची हमी आम्ही लिहून देत नाही, कारण दुसऱ्याच दिवशी चावीला धक्का लागला तर चाचणीचा उपयोग उरत नाही.

तारकर्लीला डायव्हिंगला जाणार असाल तर जुनं घड्याळ कोल्हापुरातच ठेवा. मिठाचं पाणी काही तासांत गंज धरतं, तेवढ्यात घाट चढून येणं होत नाही. समुद्रासाठी आमच्याकडे साधी क्वार्ट्झ डायव्हर घड्याळं आहेत, तीही प्रत्येक विक्रीपूर्वी तपासलेली.