आयरिसचा वास फुलात नाही, जमिनीखाली

इंदूरच्या राजवाड्याच्या बाजूला अत्तरवाल्याकडे हल्ली 'आयरिस' मागणारे बरेच दिसतात, आणि बाटलीवर जांभळं फूल असल्यामुळे सगळ्यांना वाटतं की फुलाचाच अर्क असणार. तसं नाहीये. तो मऊ, पावडरी वास येतो आयरिसच्या गाठाळ कंदातून, तोही लगेच नाही. इटलीत टस्कनीमध्ये हे कंद साधारण तीन वर्षांनी खणतात, सोलतात, वाळवतात आणि मग चक्क आणखी काही वर्षं नुसते ठेवून देतात. ताज्या कंदाला तो वास नसतोच, त्यात इरिडाल नावाची मोठी संयुगं असतात, ती हवेतल्या ऑक्सिजनमुळे हळूहळू तुटतात आणि त्यातून इरोन तयार होतात, सगळी जादू या इरोनची. आता जिवाणू वापरून हे काम लवकर उरकायचे प्रयोगही झालेत.

मग कंदाची पूड करून वाफेवर तेल काढतात, पण ते गार झालं की लोण्यासारखं घट्ट होतं, म्हणून धंद्यात त्याला बटरच म्हणतात. हा घट्टपणा मिरिस्टिक ॲसिडचा, ज्याला स्वतःचा वास जवळपास नाहीच. 'मिरिस्टिक' हे नाव जायफळावरून पडलंय, तेच आपल्या सराफ्यातल्या शिकंजीतलं जायफळ!

पावडरी का वाटतं म्हणाल तर माझ्या मते यात निम्मं काम आठवणीचं आहे, कारण युरोपात या कंदाची पूड केसांच्या आणि चेहऱ्याच्या पावडरीत शेकडो वर्षं घालत आले, त्यामुळे नाकाला हा वास आला की डोक्यात पावडरचा डबाच उघडतो.

आता गंमत ऐका. १८९३ साली टीमान आणि क्रूगर हे दोघं जर्मन केमिस्ट व्हायोलेट फुलांच्या वासामागे लागले होते, फुलं महाग म्हणून त्यांनी तसाच वास असलेला आयरिसचा कंद घेतला, इरोन वेगळं काढलं, आणि ते बनवायला गेले तर बनलं आयोनोन, म्हणजे त्याचा सख्खा चुलतभाऊ, फक्त एक कार्बन कमी (हे नीट कळायला मात्र १९४७ उजाडलं, रुझिचका या केमिस्टच्या कामातून). आयोनोन बनतं सिट्रालपासून, आणि सिट्राल भरपूर कशात असतं? आपल्या गवती चहात. स्वस्त बाटल्यांमधला 'आयरिस' बहुतेक आयोनोनच्या घराण्यातलाच असतो, आणि खरं सांगू, वाईट नसतो.