वार पडली म्हणजे बीपी उतरला, असं नाही

"वार (पोटात बाळाला पोसणारी, बाळामागून बाहेर पडणारी) पडली, आता बीपीच्या गोळ्या कशाला?" बाळंतिणीच्या खोलीत हे हमखास ऐकू येतं. उलट रक्तदाब बहुधा बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वात चढतो, नेमका घरी आल्यावर. गरोदरपणी बीपी नॉर्मल होता, तरी 6 आठवड्यांपर्यंत धोका असतो. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, तर 'वारं लागलं' म्हणून शेकत बसू नका, हात जोडून सांगते; बीपी मोजा. 160/110 किंवा वर असेल तर ताबडतोब दवाखाना.

12 आठवड्यांनंतरही बीपी चढाच, लघवीला फेस, सकाळी पापण्या सुजलेल्या? मूत्रपिंडाचा आधीपासून लपलेला आजार असू शकतो. लघवीतलं प्रोटीन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. अंगावर पाजताना चालणाऱ्या गोळ्याही आहेत. डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका.