फास्ट फूडची फ्रँचायझी ठाण्यात घ्यायची तर: कागदपत्रं, परवाने आणि ब्रोशरमध्ये नसलेला खर्च

नौपाड्यात आमचं छोटंसं कर सल्ल्याचं ऑफिस आहे. फ्रँचायझी घ्यायला निघालेली माणसं तिथे येतात ती हातात ब्रँडचं गुळगुळीत ब्रोशर घेऊन. त्यात 'एकूण गुंतवणूक' म्हणून एक आकडा छापलेला असतो आणि घरच्यांनी तो पाठही केलेला असतो. मी आधी विचारतो, "गाळा कुठला?" बहुतेकांचं उत्तर असतं, "बघतोय." म्हणजे टोकन देऊन झालंय आणि गाळा अजून शोधायचाय. क्रम नेमका उलटा हवा.

त्याआधी पात्रतेचं बोलू. मॅकडोनाल्ड्स, डॉमिनोज, केएफसी यांची फ्रँचायझी ठाण्यातल्या एखाद्या कुटुंबाला सहसा मिळत नाही. पश्चिम भारतात मॅकडोनाल्ड्स वेस्टलाइफ चालवते, देशभर डॉमिनोज ज्युबिलंट फूडवर्क्सकडे आहे. या कंपन्या दुकानं स्वतःच उघडतात. म्हणून अशा ब्रँडच्या नावाने 'फ्रँचायझी मंजूर, नोंदणी फी भरा' असा मेल आला की तो फसवणुकीचाच समजा. सामान्य माणसाला दार उघडं असतं ते वडापाव, बर्गर, मोमो, रोल, चहा अशा देशी साखळ्यांचं. तिथे शिक्षणाची अट क्वचितच असते. बघतात ते भांडवल, जागा आणि तुम्ही स्वतः गल्ल्यावर बसणार का, एवढंच.

आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. सगळं १८७२ च्या करार कायद्यावर चालतं, आणि आधीच्या दुकानांपैकी किती बंद पडली हे तुम्हाला सांगायची सक्ती ब्रँडवर नाही. ते तुम्हीच शोधायचं. दोन-तीन चालू दुकानांत दुपारी चार वाजता जाऊन बसा, मालकाशी बोला. करारात तीन कलमं पेन्सिलने खुणा करून वाचा: रॉयल्टी (ब्रँडला दर महिन्याला द्यायचा वाटा) विक्रीवर आहे की नफ्यावर, कच्चा माल त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती आहे का, आणि मुदतीआधी बाहेर पडलात तर डिपॉझिटचं काय.

आता जीएसटी. ब्रोशरमध्ये हा कोपऱ्यात 'कर वेगळे' म्हणून असतो. साध्या रेस्टॉरंटला ग्राहकाकडून ५ टक्के जीएसटी घ्यायचा असतो, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे फ्रँचायझी फी, रॉयल्टी, भाडं यांवरचा १८ टक्के कर खिशातूनच जातो. समजा, फी ५ लाख: वर ९० हजार. महिन्याची विक्री ५ लाख आणि रॉयल्टी ६ टक्के: ३० हजारांवर ५,४०० कर, दर महिन्याला. गाळ्याचं भाडं ८० हजार: आणखी १४,४००. गाळामालकाची जीएसटी नोंदणी नसली तरी सुटका नाही. ऑक्टोबर २०२४ पासून तुम्ही नोंदणीकृत असाल आणि कंपोझिशनमध्ये (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोपी योजना) नसाल तर तो कर तुम्हीच थेट सरकारजमा करायचा. रॉयल्टी आणि भाडं यांवरच्या या दोन करांचे वर्षाला सुमारे २ लाख ३८ हजार होतात. हा आकडा मांडला की समोरचा माणूस ब्रोशर उलटं ठेवतो.

गाळा बघताना भोगवटा प्रमाणपत्र मागा आणि त्यावर वापर 'वाणिज्य' आहे ना, ते वाचा. नवी मुंबईत सिडकोची कागदपत्रं आणि हस्तांतराची साखळीही बघायला हवी. वाशी-नेरुळमध्ये दुकानापुढच्या मार्जिनल स्पेसमध्ये (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) टेबलं मांडलेली दिसतात. ती जागा धरून भाडं ठरवू नका, महापालिकेची गाडी आली की टेबलं जातात आणि भाडं तेवढंच राहतं. सोसायटीच्या इमारतीत असाल तर धुराच्या डक्टसाठी लेखी एनओसी आधी घ्या. तोंडी 'काही हरकत नाही' पहिल्या फोडणीपर्यंतच टिकतं.

विजेचं मीटर स्वतः जाऊन बघा. घोडबंदर रोडच्या आमच्या एका अशिलाने गाळा घेतला, सामान आलं, आणि मग कळलं की कनेक्शन सिंगल फेज आहे. दोन फ्रायर आणि डीप फ्रीझर त्यावर चालणार कसे? थ्री फेज आणि लोडवाढ मिळेपर्यंत दोन महिन्यांचं भाडं गेलं. कळवा-मुंब्र्यात असाल तर अर्ज महावितरणकडे नाही, टोरंटकडे करायचा. तिथली वीजसुद्धा फ्रँचायझीवरच चालते!

भाडेकरार (लीव्ह अँड लायसन्स) नोंदवलेलाच हवा, पुढचे परवाने त्यावरच उभे असतात. साठ महिन्यांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. भाडं ८० हजार, डिपॉझिट ५ लाख आणि मुदत पाच वर्षं धरली तर ४८ लाख भाडं अधिक डिपॉझिटवरचं दरवर्षी १० टक्क्यांनी धरलेलं व्याज अडीच लाख, त्यावर १२,६२५ रुपये. शहरात नोंदणी फी १,००० वेगळी.

करार हातात आला की पॅन, आधार, फोटो, वीजबिल, भागीदारी असेल तर डीड, अशी एक फाईल करा आणि तीच सगळीकडे वापरा. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) फुकट आहे, तिच्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. मग जीएसटी, गुमास्ता (दुकानाची नोंदणी), व्यवसाय कर (तुमचा स्वतःचा वर्षाला २,५००). अन्न परवाना एफएसएसएआयच्या फॉस्कॉस पोर्टलवर. नोंदणी पुरते की परवाना लागतो, हे अंदाजे उलाढालीवर ठरतं. ब्रँडच्या कंपनीचा परवाना तुमच्या गाळ्याला चालत नाही, तुमचा चौदा आकडी क्रमांक वेगळा आणि तो बिलावर छापावा लागतो. कामगारांची वैद्यकीय प्रमाणपत्रं आणि पाण्याचा तपासणी अहवाल आधीच काढून ठेवा, ऐन वेळी लॅब मिळत नाही.

आगीच्या बाबतीत महापालिकेच्या अग्निशमन विभागाची एनओसी, आणि नंतर दर जानेवारी-जुलैत परवानाधारक एजन्सीचं 'ब' नमुन्यातलं, आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र. विनापरवाना १०० किलोपर्यंतच एलपीजी ठेवता येतो, म्हणजे १९ किलोचे पाच सिलिंडर. रिकामे समजून मागे सहावा उभा करू नका. महानगर गॅसची पाइपलाइन इमारतीत असेल तर तिचाच अर्ज करा.

राहिला बोर्ड. ब्रँडकडून डिझाइन येतं ते इंग्रजीत. दुकाने कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर कामगार दोन असोत की वीस, देवनागरीतलं मराठी नाव आधी हवं आणि त्याची अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत. ब्रँडकडून देवनागरी लोगो करारासोबतच लेखी मंजूर करून घ्या. आमच्याकडच्या एकाने एलईडीचा बोर्ड दोनदा बनवला, पहिला अजून त्याच्या गच्चीत पडलाय.