हंटिंग : तापलेल्या इंजिनाचे वर-खाली होणारे आयडलिंग

अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसताना आणि गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना इंजिनाचा आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) एका जागी न ठरता लयीत चढतो आणि उतरतो, या दोषाला हंटिंग म्हणतात. गॅरेजच्या बोलीत ‘गाडी स्लो पकडत नाही’, ‘आरपीएम झोके घेतो’, ‘आपोआप रेस होते’ अशी त्याची वर्णने होतात. या नोंदीत त्याच्या एका ठरावीक रूपाचा विचार आहे. सकाळी गाडी सुरू होते, छान चालते; दहा-पंधरा मिनिटांनी इंजिन तापते आणि पुढच्या सिग्नलला काटा आठशे ते दीड हजार, पुन्हा आठशे असा हलू लागतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून २००० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या, पहिल्या पिढ्यांतील इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत हे रूप वारंवार दिसते.

‘हंटिंग’ हा शब्द मोटारीपेक्षा जुना आहे. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर लावला. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची झडप मिटू लागे. वेग कमी झाला की ती उघडे. पण दुरुस्ती उशिरा आणि गरजेपेक्षा जास्त होऊ लागली, की इंजिन योग्य वेग शोधत दोन्ही बाजूंना झुलत राही. अशी यंत्रणा केव्हा स्थिर राहते आणि केव्हा झुलते, याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये मांडले. आजच्या गाडीत गोळ्यांच्या जागी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर आला आहे. दोषाची जात मात्र तीच आहे.

झोका का तयार होतो

पेट्रोल इंजिनाचा वेग आत येणाऱ्या हवेवर ठरतो. आयडलिंगला थ्रॉटलचा फ्लॅप जवळजवळ बंद असतो, आणि फ्लॅपला वळसा घालून जाणाऱ्या एका बारीक वाटेने हवा आत जाते. त्या वाटेवर आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व असतो. तो कमी-जास्त उघडून ईसीयू आरपीएम साधारण साडेसातशे ते आठशेवर धरून ठेवतो.

आता कुठून तरी जास्तीची हवा आत येऊ लागली, तर ईसीयू प्रथम व्हॉल्व मिटत नेतो. व्हॉल्व पूर्ण मिटला तरी हवा उरली, की वेग चढतच जातो. इथे ईसीयूमधला दुसरा नियम जागा होतो. उतारावर किंवा गिअरमध्ये गाडी सोडून दिली असताना पेट्रोल वाया जाऊ नये म्हणून तो इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारे भाग, बंद करतो. फ्लॅप बंद आहे आणि आरपीएम ठरावीक आकड्याच्या वर आहे, एवढेच तो पाहतो. गाडी उतारावर आहे की सिग्नलला उभी, याची शहानिशा यातल्या बऱ्याच गाड्या करत नाहीत. पेट्रोल तुटते, वेग कोसळतो. खालच्या आकड्याला पोहोचल्यावर पेट्रोल पुन्हा सुरू होते. जास्तीची हवा तिथेच असल्याने वेग पुन्हा चढतो. सेकंद-दोन सेकंदांचा हा फेरा इंजिन बंद करेपर्यंत चालतो.

मग थंड इंजिनात हे का होत नाही? थंड असताना आयडलिंग मुळातच जास्त ठेवलेले असते, आणि पेट्रोल तोडण्याचा आकडाही ईसीयू त्याच्याही वर ठेवतो. तेव्हा जास्तीची हवा खपून जाते. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, तापत जातो तसा हा आकडा खाली येतो आणि आधीपासून असलेली गळती उघडी पडते. म्हणून ‘तापल्यावर बिघडते’ या तक्रारीचा खरा अर्थ बहुतेक वेळा ‘तापल्यावर दिसते’ असा घ्यावा लागतो. हे ध्यानात आले की तपासाची दिशाच बदलते. व्हॉल्व बदलण्याआधी हवा कुठून येते, हे शोधावे लागते.

झोक्याच्या लयीवरूनही बरेच कळते. वर चढणे सावकाश, खाली पडणे एकदम आणि प्रत्येक फेरा तंतोतंत सारखा असेल, तर तो पेट्रोल तुटल्याचा झोका. झोके लहान आणि आळसावलेले असतील, तर मिश्रण किंवा काजळी धरलेला व्हॉल्व पाहावा. लय नसेल, मध्येच अंग झटकल्यासारखा धक्का असेल, तर ते हंटिंग नाही. ते मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणे, आहे, आणि त्याची सुरुवात प्लग व वायरींपासून करावी. पेट्रोल तुटल्याच्या झोक्याचा संशय असेल, तर हेडलाइट आणि एसी लावून पाहावे. भार पडल्याने जास्तीच्या हवेतून आलेली ताकद खर्च होते, आरपीएम तोडीच्या आकड्याखाली राहतो आणि झोके थांबतात. थांबले, तर जास्तीची हवा आहे हे जवळजवळ नक्की.

होंडाचा मेणाचा व्हॉल्व

या दोषाचे सर्वांत बोधक उदाहरण होंडाच्या १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या सिव्हिकसारख्या गाड्यांत सापडते. त्यांतील अनेक इंजिनांत थ्रॉटल बॉडीखाली फास्ट आयडल थर्मो व्हॉल्व असतो. त्यात वीज नाही, वायर नाही; आत मेणाची कुपी आणि बाहेरून फिरणारा कूलंट. थंड मेण आक्रसलेले असते, वाट उघडी राहते, जास्त हवा मिळून इंजिन वेगाने फिरते. कूलंट तापला की मेण फुगते आणि वाट बंद करते. ईसीयूला या व्हॉल्वचा पत्ताही नसतो.

कूलंट कमी असेल किंवा नळीत हवेचा फुगा अडकला असेल, तर मेणापर्यंत उष्णता पोहोचत नाही. इंजिन तापलेले, ईसीयूच्या लेखी सारे गरम, आणि मेण मात्र अजून सकाळच्या थंडीत. वाट उघडीच राहते आणि झोके सुरू होतात. काही वेळा व्हॉल्वच्या आतली प्लॅस्टिकची आट्यांची चकती वर्षानुवर्षांच्या कंपनाने सैल होते. तेव्हाही मेण फुगूनसुद्धा वाट पूर्ण मिटत नाही.

याची परीक्षा बोटाने होते, आणि ती एकदा केलेला माणूस विसरत नाही. इंजिन पूर्ण तापू द्यायचे, हवेचा मोठा पाइप थ्रॉटलवरून काढायचा. आत, फ्लॅपच्या अलीकडे, भिंतीत दोन भोके दिसतात. खालचे मेणाच्या व्हॉल्वचे. त्यावर बोटाचे टोक ठेवायचे. गरम इंजिनात तिथे ओढ लागता कामा नये. बोटाची कातडी आत खेचली गेली आणि त्याच क्षणी काटा खाली येऊन स्थिर झाला, तर चोर सापडला.

सापडला तरी व्हॉल्व लगेच फेकू नये. आधी कूलंट पाहावा, तोही इंजिन थंड असताना. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्याने चेहरा भाजतो. या इंजिनांवर थर्मोस्टॅटजवळ हवा काढण्याचा एक छोटा बोल्ट असतो. हीटर पूर्ण गरमवर ठेवून रेडिएटर भरायचा आणि तो बोल्ट पान्याने थोडा सैल करायचा. आधी फसफस येते, मग बुडबुडे मिसळलेला कूलंट, आणि शेवटी अखंड धार. धार लागली की बोल्ट आवळायचा. कित्येक गाड्यांचे हंटिंग एवढ्यावर थांबते. आधी हीटरमधून कोमट वारा येत होता का, हे मालकाला विचारावे. तो येत असेल, तर फुग्याचा संशय पक्का होतो. पण कूलंट पुन्हा पुन्हा कमी होत असेल, तर तो जातो कुठे हे शोधल्याशिवाय गाडी सोडू नये. पाण्याचा पंप, नळ्या आणि हेड गॅस्केट तपासावे.

इतर वाटा

जास्तीची हवा इतर ठिकाणांहूनही येते. कडक होऊन चिरलेल्या व्हॅक्युम नळ्या, मॅनिफोल्डचे (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांचे) पॅकिंग, इंजेक्टरखालच्या वाळलेल्या रबरी रिंगा, उघडा अडकलेला पीसीव्ही व्हॉल्व (इंजिनाच्या खालच्या भागातली वाफ परत आत सोडणारा) आणि ब्रेक बूस्टरचा फाटका पडदा ही नेहमीची ठिकाणे. पकडीला फडके गुंडाळून एकेक नळी हलक्या हाताने दाबत जावे. जी दाबल्यावर इंजिन शांत होते, ती नळी किंवा तिच्या टोकाचा भाग दोषी. चारकोल कॅनिस्टरचा पर्ज व्हॉल्व मुद्दाम लक्षात ठेवावा. टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडण्यासाठी ईसीयू तो इंजिन तापल्यावरच उघडतो, त्यामुळे त्याचा दोष खरोखरच गरमपणी सुरू होतो. मॅनिफोल्डवर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधण्याची पद्धत सर्रास चालते, पण तापलेल्या सायलेन्सर मॅनिफोल्डजवळ ती आगीला आमंत्रण आहे. नळ्यांत धूर सोडून गळती दाखवणारे धुराचे यंत्र मिळत असेल तर तेच वापरावे.

हवा मोजण्याची पद्धत कोणती, याने लक्षणे बदलतात. मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या गाड्यांत, म्हणजे होंडा आणि बऱ्याच जुन्या मारुती-सुझुकींत, गळतीची हवाही हिशेबात येते. ईसीयू तिला पुरेसे पेट्रोल देतो आणि वेग चढतो. एअर फ्लो मीटर असलेल्या गाडीत मीटरनंतर शिरलेली हवा हिशेबाबाहेर राहते. मिश्रण पातळ पडते, इंजिन थरथरते, बंदही पडते.

तापल्यावर आणखी एक गोष्ट बदलते. ऑक्सिजन सेन्सर तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास कामाला लागतो आणि ईसीयू त्याच्या सांगण्यावरून हवा-पेट्रोलचे प्रमाण १४.७ ला १ जवळ ठेवतो. म्हाताऱ्या, सुस्त सेन्सरची खबर उशिरा पोहोचते आणि मिश्रण इकडून तिकडे झुलते. सेन्सरचा प्लग थोडा वेळ काढून पाहावा. झोके थांबले तर त्याच्याकडे वळावे. कूलंटच्या तापमानाचा सेन्सरही मीटरवर मोजून घ्यावा. त्याचा रोध तापल्यावर उतरतो, वीस अंशाला दोन-अडीच हजार ओहम असेल तर ऐंशी अंशाला तीनशेच्या घरात येतो.

या वयाच्या गाड्यांना स्कॅनर लागतोच असे नाही. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना ओबीडी-२, म्हणजे दोष स्वतः नोंदवून स्कॅनरला सांगणारी यंत्रणा, सक्तीची झाली. भारतात ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० मध्ये आला. त्याआधीच्या होंडांत डॅशखालच्या दोन तारांच्या प्लगला वायरचा तुकडा जोडला, की चेक इंजिनचा दिवा मिचकावून कोड सांगतो. लांब मिचकावणे म्हणजे दहा, लहान म्हणजे एक. सहा आले तर कूलंटचा सेन्सर, चौदा आले तर आयडल व्हॉल्व. पण नळी चिरल्याचा कोणताही कोड नाही, आणि कोड नाही म्हणून गाडी ठीक असे मानणे ही इथली नेहमीची फसगत आहे.

कार्बोरेटरच्या गाड्या

कुर्ल्यात तयार झालेली आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा बनलेली प्रीमियर पद्मिनी, तसेच जुनी मारुती ८००, यांत पेट्रोल तोडणारा ईसीयू नसतो, तरी तापल्यावर झोके येतात. चोक ओढलेला असेपर्यंत मिश्रण जाड असते आणि दोष झाकला जातो. चोक आत ढकलला की स्लो जेटमधला (आयडलिंगचे पेट्रोल देणाऱ्या बारीक भोकातला) कचरा किंवा थ्रॉटलच्या झिजलेल्या दांड्याभोवतीची हवा जाणवू लागते. मिश्रण पातळ होते, वेग पडतो, पडता पडता पुन्हा सावरतो. दांडा बोटांनी वर-खाली हलवून पाहावा. खेळ जाणवला तर नुसता जेट फुंकून उपयोग नाही.

चुकीचा उपाय आणि शेवटचे सेटिंग

हंटिंगवर सर्वांत जास्त केला जाणारा उपाय म्हणजे स्क्रू फिरवून स्लो वाढवणे, आणि तोच सर्वांत वाईट. वेग तोडीच्या आकड्याच्या आणखी जवळ जातो. थ्रॉटलचा टेकू-स्क्रू फिरवला, तर फ्लॅप बंद असल्याची खूण ईसीयूला मिळेनाशी होते. झोके थांबतात, पण गाडी कायमची बाराशेवर ओरडत राहते. मालकाला दुरुस्ती झाल्यासारखी वाटते, आणि पुढच्या फिटरपुढे आता दोन दोष असतात. ऑटोमॅटिक गाडीत तर डी मध्ये ब्रेक सोडताच ती पुढे झेपावते.

गळती बुजवल्यावर आयडल व्हॉल्व आणि थ्रॉटल बॉडी काजळीतून स्वच्छ करावी, मग इंजिन रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत तापवावे. पुढची पद्धत त्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे असते. जुन्या होंडात आयडल व्हॉल्वचा प्लग काढून, दिवे, पंखा आणि एसी बंद ठेवून, थ्रॉटल बॉडीवरच्या आयडल स्क्रूने मूळ आरपीएम दिलेल्या आकड्यावर आणतात. मग प्लग लावून ईसीयूचा फ्यूज काही सेकंद काढतात, म्हणजे जुनी नोंद पुसली जाते.